पाच कॅन, दहा महिने: घरात साठवलेल्या पिण्याच्या पाण्याचा अनुभव

आम्ही पुण्यात, धायरीत राहतो. २०२५च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या आमच्याच पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू निघाला आणि संशय पाण्यावर गेला. घरोघरी पाण्याची पातेली गॅसवर चढली. त्या दिवसांत एका रात्री मी मोजलं, उद्या नळाचं पाणी पिऊच नका म्हणाले तर आपल्याकडे आहे काय? माठात दहा लिटर, आरओच्या टाकीत सात. घरात माणसं चार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरणं कठीण होतं.

फेब्रुवारीत साठा करायला घेतला, आता डिसेंबर संपत आला. एवढ्या काळात दोन मोठ्या चुका झाल्या, एकदा हे पाणी खरोखर कामी आलं, आणि माझं मत पार बदललं. सुरुवातीला वाटायचं, एकदा भरून ठेवलं की झालं. तसं होत नाही. जे पाणी दर काही दिवसांनी आपण पितो आणि पुन्हा भरतो, तेच अडचणीच्या दिवशी पिण्याजोगं असतं.

पहिली चूक पिंपाची. माणशी रोज चार लिटर आणि निदान तीन दिवसांचा साठा, असा आपत्तीच्या वेळचा साधारण हिशेब असतो. पिणं आणि थोडा स्वयंपाक त्यात धरलेला. चौघांचे अठ्ठेचाळीस लिटर होतात म्हणून मी सरळ पन्नास लिटरचं निळं पिंप आणलं. भरल्यावर ते पन्नास किलोचं झालं आणि जागचं हलेना. पाणी काढायला तांब्या बुडवायचा, म्हणजे चौघांचे हात त्यात. धुवायचं तर सगळं पाणी ओतून द्यायचं, ते जिवावर येतं, म्हणून धुणं पुढे ढकललं जातं. दोन आठवड्यांत ते ड्राय बाल्कनीत गेलं. आता त्यात फरशी-भांड्यांचं पाणी असतं आणि दर रविवारी मी ते रिकामं करून, आतून घासून कोरडं करते. हे टाळू नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतात.

मग बोहरी आळीतून दहा-दहा लिटरचे पाच पांढरे कॅन आणले, खाली तोटी असलेले. तळाशी त्रिकोणात २ आकडा, म्हणजे एचडीपीई, आणि शेजारी फूड ग्रेडची खूण. एकेक चारशेच्या आसपास पडला. वापरलेले कॅन निम्म्या किमतीत मिळत होते, पण आधी त्यात काय भरलं होतं हे कोण सांगणार? तेल, रंग, औषधं प्लॅस्टिकमध्ये मुरतात, कितीही धुतलं तरी जात नाहीत.

या कॅनचं तोंड अरुंद आहे. आत कोणाचा हात जात नाही हे चांगलं, पण घासणीही जात नाही. मी मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ थोड्या पाण्यात घालून कॅन खळखळवते, तेलाची बाटली धुवावी तसा. त्यानंतर लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर साधं ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट पाच टक्क्यांच्या आसपास असलेलं, सुवासिक अजिबात नको. ते आतून सगळीकडे फिरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, थोडं तोटीतूनही सोडायचं आणि मग स्वच्छ पाण्याने दोनदा विसळायचं. तोटी मी पहिले तीन महिने विसरले होते. मे महिन्यात एक तोटी गळायला लागली म्हणून उघडली, तर वॉशरखाली बुळबुळीत थर. कॅन आतून लख्ख, आणि घरातला प्रत्येक पेला भरत होता त्या थरावरून. तेव्हापासून दर धुण्याला तोटी खोलते.

आत पाणी कोणतं भरायचं, हे ठरवायला मी मार्चमध्ये तीन कॅनमध्ये नळाचं, एकात उकळून गार केलेलं आणि एकात आरओचं पाणी भरून ठेवलं. माझी खात्री होती की आरओचं सगळ्यांत टिकेल. सात आठवड्यांनी आरओच्या कॅनला आतून निसरडेपणा आणि ओल्या फडक्यासारखा वास, उकळलेल्याचीही तीच सुरुवात, नळाच्या तिन्हींना काही नाही. कारण समजून घेतलं तेव्हा पटलं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असतं, तेच साठ्याची राखण करतं. आरओमधला कार्बन ते काढून टाकतो आणि उकळल्यावरही ते उडून जातं. त्या क्षणी ते पाणी शुद्ध असतं, पण पुढे त्यात जंतू शिरला तर त्याला अडवणारं काही उरत नाही.

म्हणून आता पाचही कॅनमध्ये नळाचंच पाणी, चार पदरी सुती फडक्यातून गाळलेलं. भरताना क्लोरीन आहे का ते ओटीच्या (ऑर्थोटोलिडीनच्या) द्रावणाने बघते. काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळी छटा आली की आहे. ते पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही. छटा आली नाही तर औषधाच्या दुकानात मिळणारं पिण्याच्या पाण्याचं क्लोरीन, बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब, आणि अर्धा तास थांबायचं. ती बाटली जुनी झाली की तिचा जोर उतरतो, तारीख बघा. पाण्याबद्दल शंका असेल त्या दिवसांत पिण्याआधी खळखळून एक मिनिट उकळतेही. साठवताना क्लोरीन आणि पिताना उकळणं, दोन्ही करायला हरकत नाही.

दुसरी चूक जागेची. दोन खोल्यांच्या घरात पाच कॅन कुठे ठेवणार, म्हणून दोन दिवाणाच्या आत, रजयांशेजारी ठेवले. अंधार, गारवा, ऊन नाही, मला जागा उत्तम वाटली. काही आठवड्यांनी उघडले तर पाण्याला डांबरगोळ्यांचा वास. झाकणं घट्ट होती. अशा वस्तूंची वाफ प्लॅस्टिकच्या भिंतीतून आत जाते हे मला माहीत नव्हतं. वीस लिटर पाणी गेलं, दोन्ही कॅन बाद झाले आणि नवे घ्यावे लागले. फिनाईल, रॉकेल, रंगाचे डबे, कीटकनाशक यांच्याजवळ पाणी ठेवू नका. आता कॅन ओट्याखाली आहेत, जिथे ऊन पोचत नाही.

पाणी फिरतं ठेवायचं कसं, याचं उत्तर आपल्या पुण्यातच होतं. ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ हे वाक्य इथे कोणाला नवीन आहे? मी गुरुवार पकडला, पाणी बंद असो वा नसो. गुरुवारी सगळ्यांत जुना कॅन काढायचा, त्याचं पाणी माठात आणि स्वयंपाकात. शुक्रवारी कॅन धुऊन पालथा. शुक्रवारी भरत नाही, कारण बंदनंतर येणारं पहिलं पाणी बहुतेक वेळा गढूळ असतं. शनिवारी सकाळी भरून, चिकटपट्टीवर तारीख लिहून रांगेत शेवटी. पाच कॅन, म्हणजे कोणतंही पाणी पाच आठवड्यांहून जुनं नाही. नीट बंद केलेलं पाणी सहा महिने चालतं असं सांगतात, पण आमच्या उन्हाळ्यात पाचव्या आठवड्यात ओटीची छटा जवळपास जाते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

सासूबाईंना हे मुळीच पटत नव्हतं. “अगं, रात्रीचं पाणी सकाळी ओतून द्यायचं असतं. शिळं पाणी देवाला चालत नाही, माणसाला कसं चालेल?” पण साठा करायलाच हवा हेही त्यांचंच म्हणणं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत. “पेठेभर पाणीच पाणी, आणि प्यायला घोटभर नाही. वाड्यातला आड चिखलाने भरलेला. खडकवासलाच गेल्यावर नळाला येणार कुठून?” शेवटी कॅनमधलं पाणी दोन पातेल्यांत चार वेळा वरून ओतून मग माठात भरायला लागले, वाळ्याची जुडी टाकून. साठवल्याने हवा निघून जाऊन आलेला सपकपणा त्याने जातो. आता त्या तक्रार करत नाहीत.

ऑगस्टमध्ये पावसाचं गढूळ पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलं. टाक्या उपसून, धुऊन, क्लोरीन घालून पुन्हा भरेपर्यंत अडीच दिवस गेले. वापरायला टँकर आला, प्यायला आमचे कॅन. पहिल्या दिवशी पंधरा लिटर लागले आणि त्यातले सहा नुसत्या स्वयंपाकाला, तांदूळ-डाळ धुण्यातच किती जातं ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी आणि पत्रावळ्या, बारा लिटर. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात. समोरच्या घरात तान्हं बाळ आहे, एक कॅन त्यांना दिला. शेवटी सहा लिटर उरलं होतं. हिशेब बरोबर निघाला, पण शेजारी धरून करायला हवा होता.

बंद बाटल्यांचा एक खोका माळ्यावर आहे, तो घर सोडावं लागलं तर न्यायला. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पुराचं पाणी शिरलं तेव्हा लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले होते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी साठा वरच ठेवावा. पुराचं पाणी कॅनला बाहेरून लागलं तरी तोटी आणि झाकण आधी क्लोरीनच्या पाण्याने धुतल्याशिवाय उघडू नये.

एक गोष्ट मात्र मला अजून लागते. त्या ऑगस्टच्या पहिल्या दुपारी सासूबाई घरी एकट्या होत्या. दहा किलोचा कॅन त्यांना ओट्याखालून ओढता येईना, आणि माठात उरलेल्या दोन पेल्यांवर त्यांनी संध्याकाळ केली. मला फोनही केला नाही, कामात असेन म्हणून. आता एक कॅन कायम बुटक्या तिवईवर असतो, तोटीखाली पेला मावेल एवढ्या उंचीवर. गेल्या रविवारी त्यांना बोहरी आळीत घेऊन गेले. पाच लिटरचे दोन कॅन त्यांनी स्वतः निवडले, भरून उचलून पाहिल्याशिवाय घेणार नाही म्हणाल्या, आणि दुकानदाराने नळावर भरून दिले.