सीएनजी गाडीच्या इंजिनच्या हेडचं (वरचा भाग, ज्यात वॉल्व असतात) काम केलं, ८ महिने आणि १४,००० किमी नंतरचा अनुभव

गाडी पेट्रोल हॅचबॅक, सोबत सीएनजी, काम केलं तेव्हा मीटर १,८६,००० वर. रोज पुण्यातल्या पुण्यात आणि महिन्यातून दोनदा कराड. मागच्या पावसाळ्यापासून सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, जरा रेस दिली की गुळगुळीत. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले, पैसे गेले आणि थरथर तशीच. चौघं बसलो की कराडच्या वाटेवर खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नावच नाही, मागून कंटेनरवाले पण हॉर्न मारायला लागले.

गंमत म्हणजे टॅपेटचा आवाज, म्हणजे वॉल्वच्या वरच्या गॅपमुळे येणारी टिकटिक, अजिबात नव्हता, मी तर सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की एवढं रनिंग होऊन इंजिन बघा कसं गप्प आहे. तिथेच फसलो. माझ्या इंजिनात गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, स्क्रूवाले रॉकर (वॉल्व दाबणारे दांडे) आहेत, त्यांचा गॅप हाताने सेट करावा लागतो. सीएनजीवर वॉल्व सीट, म्हणजे वॉल्व बंद होताना टेकतो ती कड, जास्त घासते, मग वॉल्व हळूहळू हेडमध्ये वर सरकतो आणि रॉकरचा गॅप वाढायच्या ऐवजी कमी कमी होत जातो. गॅप संपला की वॉल्व नीट बसतच नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि एक्झॉस्ट वॉल्वची कड जळायला लागते. आवाज मात्र काहीच नाही.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने कॉम्प्रेशन चेक केलं, बाकीचे तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास आणि तिसऱ्या नंबरचा ११०. त्यात थोडं ऑइल टाकून परत बघितलं, काटा जेमतेम हलला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक, लोच्या वॉल्वचा. हेड उतरवलं तर तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट वॉल्वची कड खरंच खाल्लेली.

एक्झॉस्टचे सगळे वॉल्व, इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीकडचे वॉल्व सील, रॉकर, कॅमशाफ्ट, चेन किट आणि हेड गॅस्केट बदललं. मेकॅनिक म्हणत होता नुसते रॉकर टाकू, पण कॅमच्या लोबवर (रॉकरला ढकलणारे उंचवटे) खड्डे दिसत होते, त्यावर नवीन रॉकर चालवले तर तेही तसेच खाल्ले जाणार, म्हणून मी अडून बसलो. सीट कटिंग, लॅपिंग (वॉल्व सीटवर घासून बसवणं) आणि फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) हेडवाल्या काकांकडे, त्यांनी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून गळत नाही हे समोर दाखवलं. पार्ट १४,२००, हेडचं काम ६,५००, मजुरी ७,५००, ऑइल कूलंट २,६००, म्हणजे ३०,८००. टोचलं, पण या मॉडेलची जुनी गाडी विकून येणार किती, तो हिशोब केल्यावर गप्प बसलो.

आता फरक. थरथर पहिल्या दिवशीच गेली. खंबाटकी तिसऱ्यावर चढते, एसी लावून नाही हां, उगाच फेकत नाही. सीएनजीच्या किलोला १८ किमी द्यायची ती आता २१-२२ देते. सकाळचा निळा धूर बंद, तो कडक झालेल्या सीलचा होता. ऑइल अजून थोडं पितेच, ५,००० किमीत पाव लिटरच्या आसपास, खालचा बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) जुनाच आहे त्यामुळे तेवढं चालायचं. वरच्या कव्हरचं गॅस्केट दोन महिन्यात पाझरायला लागलं, ते परत बदलावं लागलं, त्याची चिडचिड झाली.

टॅपेट सेटिंग, म्हणजे हा गॅप जुळवणं, १,००० किमीला परत केलं, नव्याने कापलेली सीट बसताना दोन एक्झॉस्टचे गॅप कमी झाले होते. १०,००० ला परत फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला तर एकच किंचित हललेला. इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं, गॅरेजचा पोरगा गरम इंजिनावर करायला निघाला होता, त्याला चहा पाजून दोन तास थांबवला.

आता सकाळी थंड असताना हलकी टिकटिक येते, ती ऐकली की मला बरं वाटतं. आई मात्र परवा गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, एवढे पैसे घालून आवाज आणलास होय रे.