चेरी एमएक्स ब्राऊन की क्लिअर?

मेकॅनिकल कीबोर्डसाठी टॅक्टाइल स्विच (कळ दाबताना मध्येच हलका अडथळा जाणवणारे) निवडताना चेरी कंपनीचे ब्राऊन आणि क्लिअर कागदावर सारखेच भासतात, कारण दोन्हींत कळ एकूण ४ मिमी खाली जाते आणि साधारण २ मिमीवर अक्षर नोंदले जाते. खरा फरक आतल्या दांड्यावरील उंचवट्यात आणि स्प्रिंगमध्ये आहे. ब्राऊनचा उंचवटा इतका लहान असतो की वेगाने टाइप करताना तो बोटांना जेमतेम जाणवतो. क्लिअरचा मात्र ठळक असून त्याची कडक स्प्रिंग कळ तळावर आदळू नये यासाठी बोटाला आधार देते, म्हणूनच माझी पसंती निःसंशय क्लिअरला आहे. तरी दीर्घकाळ टाइप करणाऱ्यांची बोटे या कडक स्प्रिंगने थकू शकतात. तसे झाल्यास दांडा क्लिअरचाच ठेवून हलकी स्प्रिंग बसवावी, पण उंचवट्यावर वंगण लावू नये, कारण त्याने तो बोथट होतो.