मावळतीचा सूर्य समोर असताना : ५० मिमी एफ १.८ लेन्सचा अनुभव

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी इथे फोटो काढणाऱ्याला सूर्य टाळता येत नाही. म्हणून लेन्स किती शार्प आहे यापेक्षा, प्रकाश समोरून आला की ती कशी वागते, हे मी आधी पाहतो. ५० मिमी नाभीय अंतराची, एफ १.८ ची (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) साधी लेन्स गेली दोन वर्षे मी हर्णै बंदरात वापरतो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सहा भिंगांची ही जुनी रचना अनेक कंपन्या थोड्याफार फरकाने वापरतात.

माझ्या लेन्समधील ही सहा भिंगे पाच गटांत बसवलेली आहेत (दोन भिंगे एकमेकांना चिकटवलेली), म्हणजे हवा आणि काच यांच्या सीमा दहा होतात. परावर्तन कमी करणारा पातळ लेप नसलेल्या साध्या काचेवरून प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दहा सीमा ओलांडेपर्यंत जेमतेम ६६ टक्के उरतो. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एकाच थराने ही गळती सीमेमागे दीड टक्क्याच्या आसपास येते, तर अनेक थरांच्या लेपाने अर्ध्या टक्क्यापर्यंत, आणि मग ९५ टक्के प्रकाश पार जातो. परावर्तन रोखणारा एकाच थराचा लेप झाइस या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. सिनेमाच्या लेन्सवर एफऐवजी टी हा आकडा छापतात, तो याच गळतीचा हिशेब धरून. ९५ टक्के पारगमन असेल तर एफ १.८ ची लेन्स टी १.८५ च्या जवळ भरते. एवढा फरक फोटोत जाणवतही नाही.

खरी अडचण गळून गेलेल्या प्रकाशाची नाही, आतच राहिलेल्या प्रकाशाची आहे. तो भिंगांमध्ये उलटसुलट परावर्तित होऊन सेन्सरवर पसरतो आणि काळ्या भागावर पांढुरका पडदा धरतो. हर्णैला सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असताना काढलेल्या फोटोंत होड्यांचे डांबरी काळे तळ राखाडी दिसत होते. उजवा हात लेन्सच्या वर आडवा धरून तोच फोटो पुन्हा घेतला, तेव्हा तळ काळे झाले आणि डोलकाठीचे दोरही सुटे दिसू लागले. हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसवायचे आडोशाचे कडे, नेमके हेच काम करते आणि ते विकत घ्यायलाच हवे. सूर्य चौकटीच्या आत आला की मात्र हूडचा उपयोग नाही. तेव्हा लेपावरच भिस्त असते, आणि इथे ही लेन्स माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली ठरली. एफ १.८ ला मध्यभागी फिकट धुके येते, एफ ८ ला ते आवरते, पण लहान, ठळक हिरवट ठिपके उमटतात.

मासळीच्या लिलावाच्या वेळी दिवे लागल्यावर मात्र मी फार निराश झालो होतो. प्रत्येक बल्बची उलटी, हिरवी प्रतिमा चौकटीच्या मध्याच्या पलीकडे, अगदी सुरमईच्या टोपलीवर येऊन बसली होती. दोष लेन्सचा नव्हता, वर लावलेल्या स्वस्त यूव्ही फिल्टरचा (अतिनील किरण अडवणाऱ्या सपाट काचेचा) होता. सेन्सरवरून परतलेला प्रकाश त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येत होता. फिल्टर काढला आणि एकही ठिपका उरला नाही. वाळू उडत असेल तेव्हा फिल्टर जरूर लावावा, पण उत्तम लेपाचा, आणि दिवे लागले की काढून ठेवावा.

समुद्राच्या तुषारांचा मिठाचा थर हा लेपाइतकाच महत्त्वाचा विषय आहे. तासाभरात पुढच्या काचेवर बोटाला चिकट लागणारी साय येते आणि फोटो धुरकट होतात. आधी ब्लोअरने (हवा मारणाऱ्या रबरी फुग्याने) कण उडवावेत, मग लेन्सच्या द्रवाने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावे. कोरडे पुसल्यास मिठाचे खडे लेपावर चरे पाडतात.

या किमतीत मी ही लेन्स बिनदिक्कत घ्यायला सांगेन. जुनी घेणार असाल, तर मागून टॉर्च मारून आत पाहा. कोकणातल्या पावसाळ्यात वाढलेली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, प्रकाश विखुरते आणि लेपही खाते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.