इनामगाववर छापून आलेलं सगळं झोटेरोमध्ये लावलं, तीन वर्षांचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू पीएचडीवाल्यांसाठी नाहीये. झोटेरो म्हणजे लेख-पुस्तकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, त्याबद्दल कुठेही वाचायला जा, संदर्भसूची आपोआप कशी तयार होते तेच लिहिलेलं असतं, आणि ते फीचर मी जेमतेम दोनदा वापरलं असेल. मी हे सॉफ्टवेअर घेतलं ते एका पांढरीच्या टेकाडाबद्दल, म्हणजे जुनी वस्ती गाडली गेलेल्या उंचवट्याबद्दल, जे जे छापून आलंय ते एका जागी आणायला, आणि त्या कामासाठी मला ते इतकं उपयोगी पडलंय की ज्यांना ज्यांना एखाद्या जागेचा, किल्ल्याचा, लेण्याचा नाद आहे त्या सगळ्यांना मी हेच सांगत असते.

टेकाड म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम खोदकाम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. ताम्रपाषाणयुगातलं शेतकऱ्यांचं गाव, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००, शंभराहून जास्त घरं, दोनशेहून जास्त दफनं, धान्याचं कोठार, पाण्याचा पाट. महाराष्ट्रातल्या इतक्या जुन्या गावाबद्दल इतकं बारीक आपल्याला क्वचितच माहीत असेल. माझं सासर त्याच पट्ट्यातलं. सासरे, म्हणजे आमचे आण्णा, शाळेत असताना सायकल मारत खोदकाम बघायला जायचे आणि अजूनही त्यांच्या बोलण्यात ते येतं, तिथूनच मला हे वेड लागलं.

आता अडचण अशी की हे साहित्य एका पुस्तकात नाहीये. दर हंगामाचं थोडक्यात टिपण पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वार्षिकात, मधले लेख डेक्कन कॉलेजच्या बुलेटिनमध्ये, काही 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट'मध्ये, काही 'पुरातत्त्व'मध्ये, मग शेवटी मोठा अहवाल, सांगाड्यांवरचा वेगळा खंड, शिवाय मराठी पुस्तकांतली प्रकरणं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं. मी सुरुवातीला सगळ्यांसारखंच केलं, लॅपटॉपवर एक फोल्डर, त्यात फाइली, नावं 'स्कॅन ००७', 'इनामगाव नवीन', 'इनामगाव नवीन २'. साठ-सत्तर फाइली झाल्यावर कशात काय आहे ते मलाच कळेना. दफनांवरचा लेख दफनांच्या फोल्डरमध्ये ठेवू का उत्तर जोर्वेच्या (हा तिथल्या वस्तीचा शेवटचा कालखंड), की १९७०-७१ च्या हंगामात? तिन्हीकडे कॉपी टाकली की एका कॉपीवर खुणा केलेल्या आणि दुसरी कोरी, असा घोळ.

झोटेरो हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, २००६ ला अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी सुरू केलं, आणि ते इतिहासवाल्यांनी केलंय हे वापरताना जाणवतं. यात फाइल दुय्यम आहे आणि नोंद मुख्य. म्हणजे आपल्या जुन्या वाचनालयात लाकडी खणात कार्डं असायची ना, तसं एक कार्ड, आणि फाइल असली तर त्या कार्डाला अडकवलेली, नसली तरी कार्ड आहेच. हे मला कळायला दोन महिने लागले. तोपर्यंत मी फक्त हातात असलेल्या पीडीएफच टाकत होते. आता एखाद्या लेखाच्या तळटीपेत इनामगाववरचा दुसरा लेख दिसला की लगेच त्याचं कार्ड करते, लाल टॅग लावते, 'शोधायचं'. माझ्या लायब्ररीत आज निम्म्याहून जास्त कार्डांना फाइलच नाहीये, तरी काय काय अस्तित्वात आहे हे मला नीट माहीत आहे आणि वाचनालयात गेलं की काय मागायचं ते मोबाइलवर समोर असतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे खण, त्याला कलेक्शन म्हणतात. एकच कार्ड पाच खणांत ठेवता येतं आणि कॉपी होत नाही, एका ठिकाणी खूण केली की सगळीकडे दिसते. मी खण लेखकाच्या नावाने केले नाहीत, जागेच्याच हिशोबाने केले. एक कालखंडाचा, त्यात माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असे उपखण, आणि दुसरा विषयाचा, घरं, दफनं, खापरं, धान्य, जनावरांची हाडं, पाणी वगैरे. हंगाम मात्र टॅगमध्ये ठेवले. कार्ड निवडून विंडोजवर कंट्रोल की दाबून धरली की ते कुठल्या कुठल्या खणात आहे ते उजळून दिसतं, हे फार गोड आहे. एक काळजी घ्या, खणातून काढणं आणि लायब्ररीतून काढून टाकणं हे दोन वेगळे पर्याय आहेत. मी घाईत चुकीचं निवडून दफनांवरची चौदा कार्डं कचऱ्यात पाठवली होती, कचराकुंडी लगेच रिकामी होत नाही म्हणून परत मिळाली.

उत्खननाच्या साहित्यात वर्षांचा एक घोळ असतोच. हंगाम एका वर्षीचा, टिपण छापून येतं काही वर्षांनी. झोटेरोच्या तारखेच्या रकान्यात छपाईचंच वर्ष टाका, हंगाम टॅगमध्ये, दोन्ही एकत्र केलं की नंतर रडायची वेळ येते. त्यात इनामगावची आणखी एक गंमत आहे, लुकाक्स आणि वाळिंबे यांचा सांगाड्यांवरचा खंड हा अहवालाचा दुसरा खंड, तो आला १९८६ ला, आणि घरं-थर-खापरं असलेला पहिला खंड आला १९८८ ला. वर्षाप्रमाणे लावलं की दुसरा वर आणि पहिला खाली. मी आधी समजले की माझंच चुकलंय, तीनदा तपासलं. शेवटी खंड क्रमांकाचा रकाना भरला आणि दोन्ही कार्डं 'रिलेटेड' करून टाकली, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर एका क्लिकमध्ये जाता येतं.

आणि एक कळकळीचं सांगणं, मोठ्या अहवालाचं एकच कार्ड करून थांबू नका. त्यातलं प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाने लिहिलेलं असतं. धान्यावरचं, काजळे या संशोधकांचं प्रकरणच बघा, जव वगैरे काय पिकवत होते ते सगळं त्यात आहे, ते अहवालाच्या एका कार्डाखाली दडलं तर 'धान्य' खण उघडल्यावर दिसणारच नाही. झोटेरोमध्ये 'बुक सेक्शन' म्हणून वेगळा प्रकार आहे, प्रकरणागणिक कार्ड, पान क्रमांकासकट. मला या कामाला पाच रविवार लागले. पण माझ्या लायब्ररीला खरा आकार आला तो तेव्हाच.

आपोआप माहिती भरण्याचं म्हणाल तर, जेस्टोरसारख्या, नियतकालिकांतले जुने लेख ठेवणाऱ्या साइटवरून लेख घेतला तर ब्राउझरमधल्या बटणावर एक क्लिक आणि सगळं कार्ड तयार, बुलेटिनमधले लेख मी तसेच घेतले. पण जुन्या पुस्तकांच्या स्कॅनना काहीच ओळखता येत नाही, तिथे हातानेच भरायचं. भरताना स्पेलिंगचं बघा. जुन्या छपाईत पूना, नंतरच्यात पुणे, आणि मराठी पुस्तकात देवनागरी. ढवळीकरांचं नाव रोमनमध्ये एक आणि देवनागरीत एक असं आलं की झोटेरोला ते दोन वेगळे लेखक वाटतात. मी नाव जसं छापलंय तसंच ठेवते आणि वर मराठीत माणसाच्या नावाचा टॅग लावते. आणखी एक, 'जोर्वे' नुसतं लिहू नका, जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव आहे आणि त्याच्या नावाने अख्खी संस्कृती ओळखली जाते, मी 'जोर्वे-गाव' आणि 'जोर्वे-संस्कृती' असे दोन टॅग केले तेव्हा कुठे शोध नीट चालायला लागला. तारखांचे टॅग तर अजिबात करू नका, कार्बन-१४ च्या तारखा कच्च्या दिल्यात की कॅलिब्रेटेड, म्हणजे खऱ्या वर्षांशी जुळवून घेतलेल्या, हे लेखागणिक बदलतं, कालखंडाचं नावच बरं.

फाइलच्या आत शोधायची सोय आहे, पण पीडीएफमध्ये अक्षरं हवीत. नुसते पानांचे फोटो असतील तर काही सापडत नाही आणि झोटेरो स्वतः ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून देण्याचं काम, करून देत नाही. मी ते टेसरॅक्ट नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने वेगळं करून घेते, त्याला मराठीचं पॅक आहे, इंग्रजी पानं छान वाचतं, मराठी जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरांना अडखळतं पण 'रांजण', 'दफन' असे शब्द शोधण्यापुरतं पुरतं.

आता रांजणाची गोष्ट. आण्णा नेहमी म्हणायचे, "अगं, पाय असलेला रांजण होता, त्यात माणूस बसवलेला, मी बघितलाय." घरात कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. मी झोटेरोमध्ये 'दफनं' खण उघडला, शोधात चार पायांचा रांजण टाकला, आणि अहवालातलं प्रकरण, एक जुना लेख आणि मराठी पुस्तकातलं पान असं सगळं एकाखाली एक आलं. पाच खोल्यांचं मोठं घर, त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण आणि त्यात बसलेल्या अवस्थेतला पुरुषाचा सांगाडा. इतर मोठ्या माणसांना तिथे आडवं पुरायचे आणि पावलं तोडायचे, लहान मुलांना दोन घड्यांची तोंडं एकमेकांना लावून घराच्या जमिनीखाली. म्हणून हा माणूस गावाचा प्रमुख असावा असं मांडलंय. फोटोचं पान मोठं करून लॅपटॉप आण्णांच्या पुढ्यात ठेवला. चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाले, "हाच तो. पाय बघ की कसे जाड जाड." मग बराच वेळ बोललेच नाहीत.

झोटेरोच्या आतच पीडीएफ उघडतं आणि पानावरचा चौकोन निवडून ठेवता येतो, नुसतं अक्षरांवर पिवळं फिरवणं नाही. घराचा आराखडा, फोटो, खापरांच्या चित्रांची ओळ, जे हवं ते चौकोनात धरायचं, मग त्या सगळ्या खुणांची एक नोट बनते आणि नोटमधल्या प्रत्येक तुकड्यावरून थेट त्या पानावर जाता येतं. माझी पाच खोल्यांच्या घराची नोट अशीच झालीय, वेगवेगळ्या पुस्तकांतले आराखडे एकाखाली एक.

आराखड्यांवरून आठवलं. मी एका झेरॉक्सवाल्याकडे अहवालाची काही पानं स्कॅनला दिली होती, त्याने घडीचे नकाशे उलगडलेच नाहीत, घडी घातलेलेच स्कॅन केले. मला ते कळलं आठ महिन्यांनी, जेव्हा नकाशा हवा होता. परत वाचनालयात जाऊन, परवानगी काढून, खिडकीपाशी उजेडात मोबाइलने फोटो घेतले आणि त्याच कार्डाला दुसरी फाइल म्हणून जोडले. स्कॅन आलं की घडीची पानं सगळ्यात आधी बघा.

पैशाचं. प्रोग्रॅम फुकट, कार्डं कितीही सिंक करा ती फुकट, फाइलींना मात्र त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबीच जागा आहे, स्कॅनसाठी ती म्हणजे काहीच नाही. २ जीबीला सध्या वर्षाला २० डॉलर. मी फाइली सिंकच करत नाही, कार्डं सगळीकडे आणि फाइली लॅपटॉपवर, महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर कॉपी. झोटेरोचा डेटाचा फोल्डर उचलून कुठल्या क्लाउड ड्राइव्हमध्ये ठेवायचा मोह होतो, ठेवू नका, डेटाबेस खराब होऊ शकतो आणि ते स्वतःच तसं बजावून सांगतात. ग्रुप करायची सोयही चांगली आहे, माझी भाची आणि शाळेतले दोन शिक्षक माझ्या ग्रुपमध्ये आहेत, पण तिथे मी फक्त कार्डं ठेवलीत. पुस्तकं लोकांच्या कष्टाची आहेत, कॉपीराइटमधल्या फाइली वाटत बसणं मला पटत नाही, आणि कुठे काय आहे हे कळलं की माणूस वाचनालयात जातो.

मागच्या दिवाळीत मी आण्णांना दीड तास बोलतं केलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं. झोटेरोमध्ये 'इंटरव्ह्यू' असा कार्डाचा प्रकार आहे, त्यात ते ठेवलं, ऑडिओ अडकवला आणि रांजणाच्या प्रकरणाशी रिलेटेड केलं. त्यात आण्णा सांगतात की खड्ड्याच्या नदीकडच्या कडेला उभं राहून बघितलं, डाव्या हाताला चूल होती. ते नेमके कुठल्या घरापाशी उभे होते ते ओळखायला सध्या नकाशातल्या चुली बघत बसलेय, दोन घरांपर्यंत आलेय.