सेकुम्पुलच्या रस्त्यावरचं टेबल

बालीला जाणार असाल आणि उत्तरेकडच्या सेकुम्पुल धबधब्याचा बेत असेल, तर निघण्याआधी हे वाचा. आम्ही दोघी बहिणी तिथे फसलो. पैसे गेलेच, पण ज्या गावाला ते मिळायला हवे होते त्याला त्यातला एक पैसाही मिळाला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

जुलै २०२४. मुक्काम मुंडुकला, भाड्याची स्कूटर. बालीचा हा डोंगरी भाग दक्षिणेच्या किनाऱ्यांहून अगदी वेगळा आहे. बुयान आणि तांब्लिंगान तळ्यांच्या वरच्या कडेनं जाणारा वळणावळणांचा रस्ता, आणि लवंगेचा हंगाम असल्यामुळे रस्त्याकडेला ताडपत्र्यांवर वाळत घातलेली लवंग. हेल्मेटच्या आतसुद्धा तो वास येत होता. वानागिरीहून गितगितच्या उतारानं खाली आलो, पूर्वेला वळलो आणि सेकुम्पुलच्या बाजूला लागलो.

धबधबा अजून बराच पुढे असताना एक माणूस थेट रस्त्याच्या मधे आला आणि हात आडवा केला. कमरेला सारोंग, अंगात गणवेशासारखा शर्ट. कडेला छप्पर, टेबल, नोंदवही, शिक्का, सेकुम्पुलच्या तिकिटाचा फलक. पुढे गाईडशिवाय सोडत नाहीत, नोंदणी इथेच होते, असं त्यानं सांगितलं.

आम्हाला संशय का आला नाही, ते सांगते, कारण तुमचंही तसंच होऊ शकतं. आम्ही साताऱ्याच्या. कासला आसपासच्या गावांची समिती शुल्क घेते, पावती देते, आणि ते आम्ही आनंदानं भरतो. इथेही गावाचीच व्यवस्था असेल असं धरून चाललो. शिवाय तो वारंवार ‘गाईड वाजिब, वाजिब’ म्हणत होता. मला वाटलं, दर वाजवी आहे असं सांगतोय. इंडोनेशियन भाषेत वाजिब म्हणजे सक्तीचं, हे रात्री मुक्कामाच्या मालकीणबाईंकडून कळलं. शब्द एकच, अरबीतून तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला, पण अर्थ वेगळा.

त्यानं माणशी ५ लाख रुपिया सांगितले. घासाघीस करून साडेतीन लाखांवर आलो. दोघींचे ७ लाख, म्हणजे आपले साधारण ३,६०० रुपये. त्या नोटांवरची शून्यं नव्या माणसाला गोंधळात पाडतात. तिथले १ लाख म्हणजे आपले पाचशेच्या थोडे वर, एवढं एक गणित पाठ करून जा. ताई म्हणाली, “अगं, जरा जास्त नाही का होत?” मीच म्हटलं, “जाऊ दे ताई, आता आलोय ना इतक्या लांब.” शिक्का मारलेली पावती मिळाली. गाईड म्हणून एक मुलगा त्याच्या स्कूटरवरून आमच्या पुढे निघाला आणि एका वळणानंतर दिसेनासाच झाला.

रस्त्याच्या शेवटी, वाहनतळाजवळ, खरी तिकीटखिडकी होती. तिथल्या बाईंनी पावती उलटसुलट पाहिली आणि ‘बुकान, बुकान’ म्हणत मान हलवली. बुकान म्हणजे नव्हे. खिडकीशेजारच्या फलकावर सगळे दर स्पष्ट लिहिलेले होते: फक्त वरून पाहायचं तर अगदी किरकोळ, गाईडसह खाली उतरायचं तर वेगळा, त्याला जोडून लेमुकिह गावचे ‘फिजी’ नावाचे धबधबे पाहायचे तर आणखी वेगळा. त्या माणसाचं खोटं पचलं ते यामुळेच. खाली उतरायला गावाचा गाईड खरोखरच घ्यावा लागतो. पण तो या खिडकीवर, तिकिटाच्या दरातच मिळतो. रस्त्यावर नाही.

पुन्हा पैसे भरले आणि उतरलो. घळीत उतरणाऱ्या खड्या, ओल्या पायऱ्या, मग गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडायचा, आणि एकदम समोर सुमारे ८० मीटरवरून कोसळणाऱ्या धारा. तुषार इतके की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. गावच्या गाईडनं प्रत्येक निसरड्या पायरीला ताईला हात दिला. तो म्हणाला, रस्त्यावरच्या टेबलांमुळे लोक चिडूनच इथे पोचतात आणि राग आमच्यावर काढतात. ते ऐकून फार वाईट वाटलं.

म्हणून जाताना एवढं करा. नकाशावर धबधबा नको, धबधब्याचा वाहनतळ शोधून तिथपर्यंतचा मार्ग लावा. वाटेत कोणी हात केला तर वेग कमी करा, पण थांबू नका. थांबावंच लागलं तर ‘लोकेत रस्मी’ एवढंच म्हणा, म्हणजे अधिकृत खिडकी, आणि पुढे निघा. वाद घालू नका, पाकीट बाहेर काढू नका. खाली उतरायचं नसेल तर वरून पाहण्याचं तिकीट पुरतं, तिथूनही धबधबा छान दिसतो.

परतताना ते टेबल तिथेच होतं. पैसे परत मागितले, तर ते गाईडला दिले म्हणाला. तेवढ्यात एक परदेशी जोडपं स्कूटरवरून येऊन थांबलं आणि त्यानं वही उघडली. ताई गाडीवरून उतरली, त्या दोघांसमोर आमच्या दोन्ही पावत्या धरल्या, एक शिक्क्याची आणि एक खिडकीवरची, आणि पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. त्या मुलीनं पावत्या नीट पाहिल्या, सोबतच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानं गाडी पुढे काढली.