पन्नास विधानांची चाळणी : प्रौढांसाठीची ‘ऑटिझम स्पेक्ट्रम क्वोशंट’ प्रश्नावली

मुद्रितशोधनाच्या कामात एकोणीस वर्षे गेल्यामुळे हाती आलेला कोणताही मजकूर मी आधी चुकांसाठी वाचते आणि मग अर्थासाठी. गेल्या वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ‘ऑटिझम स्पेक्ट्रम क्वोशंट’ ही प्रश्नावली भरायला बसले तेव्हाही सवय तीच होती. प्रौढ माणसात ऑटिझमची लक्षणे किती आहेत, हे ती गुणांत मोजते; गुण जास्त, तितकी लक्षणे जास्त. निमित्त घरातलेच होते. भाच्याच्या ऑटिझमच्या तपासणीच्या वेळी समुपदेशक त्याच्या सवयींविषयी एकेक प्रश्न विचारत होत्या आणि माझी बहीण दर दोन प्रश्नांनंतर माझ्याकडे पाहत होती. त्या रात्री तिने मला या प्रश्नावलीचा दुवा पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, “ताई, रागावू नकोस.” रागावले नाही, पण ही चाळणी नेमके काय चाळते, हे समजून घ्यायला मला काही महिने लागले, आणि त्या अनुभवावरच हे परीक्षण लिहीत आहे.

ही प्रश्नावली सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ५० विधाने आहेत आणि ती पाच गटांत प्रत्येकी दहा अशी विभागलेली आहेत : सामाजिक कौशल्य, एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवणे, बारकाव्यांकडे लक्ष, संवाद आणि कल्पनाशक्ती. प्रत्येक विधानापुढे पूर्ण सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत आणि पूर्ण असहमत असे चार पर्याय असतात. भरायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि मूळ प्रश्नावली विनामूल्य मिळते. साधारण निम्मी विधाने होकारात आणि निम्मी नकारात गुण देणारी असल्यामुळे डोळे मिटून सगळीकडे ‘हो’ म्हणणाऱ्याचा निकाल आपोआप फुगत नाही. ही रचना चांगली आहे.

गुणदानाची पद्धत मात्र मला खटकली. चार पर्यायांतून विचारपूर्वक एक निवडल्यावर ‘पूर्ण सहमत’ आणि ‘काहीसे सहमत’ या दोहोंना सारखाच एक गुण मिळतो. ज्या विधानापुढे मी पाच मिनिटे थांबले आणि ज्याला क्षणात उत्तर दिले, त्या दोहोंचे वजन निकालात एकच ठरते. संशोधनासाठी ही सोय असेल, पण स्वतःविषयी काही जाणून घ्यायला आलेल्या माणसाची बहुतेक माहिती त्या ‘काहीसे’ या शब्दातच असते, आणि नेमकी तीच बेरीज करताना गळून पडते.

माझे गुण २९ आले. या आकड्याचा अर्थ कोणती रेघ मानली यावर ठरतो. मूळ अभ्यासात ३२ ही सीमा सुचवलेली होती, कारण ऑटिझमचे निदान असलेल्या गटातील सुमारे ८० टक्के व्यक्तींना ३२ किंवा अधिक गुण मिळाले, तर सर्वसाधारण गटात हे प्रमाण २ टक्के होते. दोन गटांची सरासरी अनुक्रमे ३५.८ आणि १६.४ होती. पुढे २००५ मध्ये, निदानासाठी दवाखान्यात आलेल्या व्यक्तींच्या अभ्यासावरून २६ ही खालची सीमा सुचवली गेली. म्हणजे एका रेघेनुसार मी अलीकडे आणि दुसरीनुसार पलीकडे. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तू आयुष्यभर तिथेच तर उभी आहेस.”

या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी असलेला गट किती लहान होता, हेही पाहिले पाहिजे. निदान असलेल्या व्यक्ती ५८ होत्या आणि त्यांपैकी स्त्रिया फक्त १३. तुलनेसाठी सर्वसाधारण लोकांखेरीज केंब्रिजचे ८४० विद्यार्थी आणि गणित ऑलिम्पियाडचे १६ विजेते घेतले होते; त्या विजेत्यांची सरासरी २४.५ होती. चव्वेचाळीस वर्षांच्या, मराठीत विचार करणाऱ्या बाईने आपले मोजमाप या पट्टीने घेताना ती पट्टी कोणाच्या अंगावर बेतून कापली आहे, एवढे तरी ठाऊक असावे.

आता भाषेकडे वळते, कारण माझ्या दृष्टीने या चाळणीचे सर्वांत मोठे भोक तिथे आहे. बहिणीने पाठवलेला दुवा मूळ संस्थेचा नव्हता. ते कोणत्या तरी तिसऱ्याच संकेतस्थळावरचे मराठी रूपांतर होते. (शेवटी त्या स्थळाने ‘सविस्तर अहवालासाठी’ पैसेही मागितले. ते देऊ नयेत. मूळ प्रश्नावलीची गुणपद्धती उघड आहे आणि बेरीज कोणालाही करता येते.) त्यात एक विधान असे होते : ‘ओळींच्या मधले वाचणे मला सोपे जाते.’ मी क्षणाचाही विचार न करता ‘पूर्ण सहमत’ निवडले. एकोणीस वर्षे मी दुसरे काय करते आहे? काकपद काढून ओळींच्या मध्ये लिहिलेल्या दुरुस्त्या वाचणे हाच माझा धंदा आहे. दोन दिवसांनी इंग्रजी मूळ पाहिले तेव्हा लक्षात आले की बोलणाऱ्याच्या मनातला, शब्दांत न आलेला अर्थ ओळखता येतो का, असे विचारायचे होते. त्याचे माझे प्रामाणिक उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे. सूचक बोलणे शब्दशः घेणे हे ज्या गुणविशेषाचे लक्षण मानले जाते, त्याच लक्षणामुळे त्याच विधानात माझा एक गुण कमी झाला होता. ‘समोरच्याच्या बोलण्यातली खोच मला चटकन कळते’ असे साधे मराठी वाक्य लिहिले असते तर हा घोटाळा झालाच नसता. मूळ इंग्रजीवरून पुन्हा भरल्यावर माझे गुण ३१ झाले.

भाषा सुधारली तरी जगण्याच्या रीतीचा प्रश्न उरतोच. पार्टीला जाण्यापेक्षा ग्रंथालयात जाणे आवडेल का, असे एक विधान आहे. आमच्या वाड्यातल्या माझ्या पिढीतल्या किती मुलींना वाढत्या वयात पार्टी हा प्रकार माहीत होता? मी मनातल्या मनात त्या जागी हळदीकुंकू ठेवून पाहिले आणि उत्तर उलटे आले. हळदीकुंकवाला मी आनंदाने जाते, कारण तिथे काय करायचे हे शंभर वर्षांपूर्वीच ठरलेले आहे : पायांवर पाणी, हळद, कुंकू, अत्तर, वाण, ओटी, एक ठरलेला उखाणा आणि वीस मिनिटांत घर. कोणाशी काय बोलावे हा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र त्याच बायका ‘सहज’ भिशीला जमल्या की अर्ध्या तासात माझे डोके दुखायला लागते. आपल्याकडच्या पुष्कळ भेटीगाठी विधींच्या आधाराने चालतात आणि हा आधार माझ्यासारख्या माणसाला वर्षानुवर्षे सांभाळून नेतो; ‘लोकांत मिसळणे’ असे एकच माप लावले तर ही गोष्ट निसटते. ब्रिटन, भारत आणि मलेशिया येथील विद्यार्थ्यांना हीच प्रश्नावली देऊन केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही देशागणिक गुणांत फरक दिसला, म्हणून सीमारेषा जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे.

बारकाव्यांच्या गटात तर मला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण पडले. वाहनांच्या क्रमांकांकडे लक्ष जाते का, इतरांना न दिसणारे तपशील दिसतात का, असे तिथे विचारले जाते. पण हे माझे स्वभावलक्षण की माझ्या उपजीविकेने लावलेली सवय? की स्वभाव तसा होता म्हणूनच मी या कामात टिकले? प्रश्नावली हे विचारत नाही आणि विचारणारही नाही. ते काम समोर बसलेल्या माणसाचे आहे. त्याउलट प्रकाश, वास, कपड्यांचा स्पर्श यांचा त्रास, जो २०१३ पासून निदानाच्या अमेरिकी निकषांत स्पष्टपणे समाविष्ट आहे, त्याविषयी इथे जवळजवळ काहीच नाही. बारीक आवाज ऐकू येतात का, एवढ्यावरच भागते.

पर्याय म्हणून इतर काही चाळण्याही मी पाहिल्या. याच प्रश्नावलीची दहा विधानांची संक्षिप्त आवृत्ती २०१२ ची आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत तिचा उल्लेख आहे आणि ६ किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी सुचवली जाते. घाईच्या बाह्यरुग्ण विभागासाठी ती ठीक आहे. ‘आरएएडीएस-आर’ या प्रौढांसाठीच्या आणखी एका प्रश्नावलीत ८० विधाने आहेत आणि प्रत्येकाला ‘आता आणि लहानपणीही’, ‘फक्त आता’, ‘फक्त सोळाव्या वर्षापूर्वी’ आणि ‘कधीच नाही’ असे पर्याय आहेत. काळाचा हा विचार मला फार आवडला. मात्र ती तज्ज्ञाच्या उपस्थितीत भरण्यासाठी बनवलेली आहे, रात्री अकरा वाजता मोबाइलवर नव्हे. ‘कॅट-क्यू’ ही २५ विधानांची प्रश्नावली आपण आपले वेगळेपण किती आणि कसे झाकतो, हे तपासते. स्त्रियांनी ती अवश्य पाहावी.

पुन्हा पन्नास विधानांच्या प्रश्नावलीकडे येते. तिच्या निकालावर किती विसंबावे, याचे उत्तर २०१६ मधील एका ब्रिटिश अभ्यासात मिळते. तज्ज्ञांकडे निदानासाठी पाठवलेल्या सुमारे पावणेपाचशे प्रौढांमध्ये कोणाला ऑटिझमचे निदान होईल, हे या गुणांवरून नीट सांगता आले नाही. कमी गुण मिळालेल्यांतही अनेकांना निदान झाले आणि चिंताविकारामुळे गुण वाढत असावेत असेही दिसले. शिवाय आपल्याकडे सरकारी प्रमाणपत्रासाठी हे गुण उपयोगाचे नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण मूल्यमापन ‘आयएसएए’ या ४० कलमांच्या भारतीय मापनश्रेणीवर होते. ती तज्ज्ञ भरतात आणि तिच्यातील बरीच कलमे लहान मुलांना नजरेसमोर ठेवून लिहिल्यासारखी वाटतात. नोकरी, संसार सांभाळणारा प्रौढ त्यात कुठे बसवायचा, हा प्रश्न तिथेही राहतो.

मग मी ही प्रश्नावली कोणाला सुचवेन का? हो, पण कागदावर छापून आणि समासात लिहीत. मी तसेच केले. प्रत्येक ‘काहीसे’ शेजारी एखादा प्रसंग लिहिला. नवऱ्याने माझ्या वतीने वेगळ्या शाईने उत्तरे भरली, आणि अकरा विधानांवर आमचे एकमत झाले नाही. ते कागद घेऊन मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी बेरजेकडे पाहिलेसुद्धा नाही. पहिला पाऊण तास त्या फक्त समासातल्या नोंदी वाचत होत्या, मग पुढच्या भेटीला आईला घेऊन यायला सांगितले आणि त्यानंतर आणखी तीन भेटी झाल्या. निदान काय झाले, तो या परीक्षणाचा विषय नाही. ऑटिझमसाठी रूढ असलेल्या ‘स्वमग्नता’ या शब्दाविषयी मात्र त्यांच्याकडे माझी एक तक्रार नोंदवून आले आहे : समोरचा काय म्हणतो ते कळावे म्हणून दिवसभर जीव टाकणाऱ्या माणसाला ‘स्वतःत मग्न’ म्हणणे ही अर्थाची चूक आहे, आणि ती ऱ्हस्व-दीर्घापेक्षा मोठी आहे.