विंगसूट की पॅराग्लायडिंग? आधी पक्षी ठरवा

विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये पंखासारखं कापड शिवलेला पोशाख, घातलेला माणूस पडतच असतो. तिरका पडतो, देखणा पडतो, पण पडतो. एक मीटर खाली येताना तो साधारण अडीच मीटर पुढे जातो; कसलेल्या माणसाला चांगल्या सूटमध्ये तीनपर्यंत साधतं. पॅराग्लायडर, म्हणजे फुगलेल्या कापडी पंखाखाली (विंगखाली) लटकून उडणारा, त्याच एका मीटरमागे आठ-दहा मीटर पुढे सरकतो, आणि उन्हाने तापून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, सापडली तर खाली यायचं सोडून वर चढू लागतो. म्हणून "मला पक्ष्यासारखं उडायचंय" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठल्या? घारीसारखं तासभर घिरट्या घालायच्यात, की ससाण्यासारखी झेप घ्यायचीय?

ससाणा म्हणालात, तर विंगसूटला तोड नाही. दोन्ही हात आणि धड यांच्यामध्ये कापड, दोन पायांच्या मध्ये कापड. ते दुहेरी असतं, पुढच्या तोंडांतून हवा आत शिरते आणि सूट फुगून ताठ होतो. हातात काठी नाही, दोरी नाही. खांदा जरा झुकवला की वळण, पाय ताणले की वेग. तुम्ही पंखाला लटकत नाही, तुम्हीच पंख असता. साध्या स्कायडायव्हिंगमध्ये 4,000 मीटरवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं, आणि तेही ताशी 190-200 किलोमीटरने खाली जाताना. विंगसूटमध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात आणि आडवी पाच-सहा किलोमीटरची मजल होते. गंमत म्हणजे एवढ्या वेगात वेग जाणवतच नाही. कानात वारा गर्जत असतो, पण जमीन हलत नाही. शेजारून एखादी ढगाची भिंत सरकली, किंवा सोबत उडणारा मित्र हाताच्या अंतरावर आला, की मग कळतं आपण कसे सुसाट निघालोय. खांदे मात्र दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात.

अडचण अशी की हे चाखून बघता येत नाही. पॅराग्लायडिंगमध्ये नवखा माणूस पहिल्याच दिवशी टँडम घेतो, म्हणजे मागे पायलट आणि पुढे आपण. विंगसूटमध्ये नवख्यासाठी तशी सोय नाही. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार त्याआधी साध्या स्कायडायव्हिंगच्या किमान 200 उड्या लागतात, आणि हा आकडा उगाच नाही. विमानातून निघताना पंख मिटलेले ठेवावे लागतात, नाहीतर वारा उचलून विमानाच्या शेपटीवर आदळवू शकतो. शरीर फिरकीत सापडलं तर डोकं ठिकाणावर ठेवून बाहेर पडावं लागतं. पाठीमागे हवेचा घुसळा तयार होतो, त्यातून पॅराशूट नीट बाहेर निघायला हवं. ते उघडल्यावर दोऱ्यांना पीळ पडला, तर आधी बाह्यांच्या चेन उघडून हात मोकळे करावे लागतात. हो, उतरायचं पॅराशूटनेच. 2012 साली इंग्लंडमध्ये गॅरी कॉनरी पॅराशूट न उघडता हजारो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगावर उतरला खरा, पण तो व्यवसायाने स्टंटमन होता.

200 उड्यांचं गणित करून बघा. परदेशी केंद्रावर एका उडीचं तिकीट 30 डॉलर धरलं, तरी नुसत्या तिकिटांचे 6,000 डॉलर झाले; प्रशिक्षण, पॅराशूट आणि सूट वेगळे. कॅलिफोर्नियात किंवा फ्लोरिडात नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे शनिवार-रविवारी जमू शकतं. पुण्या-मुंबईत राहून करायचं तर रजा, व्हिसा आणि विमानभाडं आलंच. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 मध्ये नऊवारी नेसून उडी मारली तीही थायलंडमध्ये, पट्टायाला. (साडीची उडी आणि विंगसूट यांत मला एक मजेशीर उलटेपणा दिसतो. तिथे कापडाने वारा धरू नये म्हणून ते जागोजाग बांधायचं, इथे त्याने वारा धरावा म्हणून ते शिवलेलं.)

पॅराग्लायडिंगसाठी पुण्या-लोणावळ्याच्या लोकलने कामशेतला उतरायचं. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. टँडम काही हजारांत होतं, आणि आवडलं तर तिथेच पायलटचा कोर्स करून पुढे हिमाचल प्रदेशातल्या बीर-बिलिंगला उडायला जाता येतं. वेग ताशी 35-40 किलोमीटर, खाली पवनेचं पाणी. घार कुठे घिरट्या घालतेय ते बघून तिच्याखाली विंग न्यायची. थर्मल शोधायला तिच्याइतका भरवशाचा वाटाड्या नाही. बसायला हार्नेस, म्हणजे पट्ट्यांची बैठक, असतो, त्यामुळे आपण हवेत खुर्ची टाकून बसलोय असं वाटतं. काहींना ते फार शांत वाटतं, काहींना कंटाळवाणं. आणि डोंगरावर वारा योग्य होण्याची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो, हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

पण ते शांत आहे म्हणून सुरक्षित आहे असं धरू नका. खवळलेल्या हवेत विंग एका बाजूने मिटते, आणि जमिनीपासून फार उंच नसाल तर सावरायला वेळच मिळत नाही. टँडम घेण्याआधी पायलटचा परवाना आणि राखीव पॅराशूट, दोन्हींबद्दल तोंडाने विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्याबरोबर उडू नका.

विंगसूटच्या धोक्याबद्दल बोलताना बहुतेक लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. खडकाला घासून जाणारे जे व्हिडिओ फिरतात, ते बेस जंपिंगचे. कड्यावरून उडी, एकच पॅराशूट, चुकीला जागा नाही. स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन त्यासाठी प्रसिद्ध आहे; फ्रान्समधल्या शामोनीने 2016 मध्ये अपघाती मृत्यूनंतर विंगसूटवर बंदी घातली. विमानातून उडी मारली तर आजूबाजूला खडक नसतो, राखीव पॅराशूट असतं, आणि माणूस बेशुद्ध पडला तर ते आपोआप उघडणारं यंत्रही. तरीही आधुनिक विंगसूटचा जनक मानला जाणारा पॅट्रिक द गायार्दों 1998 साली हवाईत विमानातूनच उडी मारताना गेला. पॅराशूटच्या पिशवीत त्याने स्वतः केलेला बदल नडला होता.

माझं मत विचाराल तर, शंभरातल्या नव्वदांना हवं असतं ते कामशेतला मिळतं, फक्त मोबाईलवर विंगसूट बघितल्यामुळे त्यांना ते ठाऊक नसतं. उरलेल्या दहांनीही ऑक्टोबरात आधी एक टँडमच घ्यावी. वर गेल्यावर स्वतःकडे लक्ष ठेवा. थर्मलमध्ये गप्प बसून खालचं पाणी बघत राहिलात, तर कोर्सची चौकशी करून घरी या. आणि पायलटला मान वळवून "याहून जोरात जात नाही का हो?" असं विचारलंत, तर पासपोर्टची मुदत बघा.